पाटीवरची सून

खुनाचे, दरोड्याचे, अपहरणाचे तपास मी नोकरीत भरपूर केले. लोक भेटले की त्यांचेच किस्से मागतात. मला विचाराल तर अजून डोक्यात जाते ती ब्लाउजची केस. हसू नका. ती आठवली की माझं जेवणात लक्ष राहत नाही, आणि बायको म्हणते, "आज पुन्हा ते पनवेलचं आलं वाटतं डोक्यात."

नावं कुणाचीच सांगणार नाही. एरवी आठवणी लिहिताना नावं गाळतात ती लोकांची अब्रू राहावी म्हणून. इथे माझं कारण वेगळं आहे. हे सगळं प्रकरण एका नावावरून झालं आणि ते नाव आजही पनवेलच्या बाजारात एका दुकानाच्या पाटीवर झळकतंय. त्याची फुकट जाहिरात मी करणार नाही.

मी तेव्हा तिथल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकली होती, रात्रपाळीचे अंमलदार चार्ज देऊन घरी निघाले होते, आणि चौघं जण माझ्या केबिनमध्ये आले. दुकानाचा मालक, त्याची आई, त्याची बायको आणि वकील. चौघं येतात तेव्हा तिघं बोलतात आणि एक गप्प असतो. मी नेहमी गप्प असणाऱ्याकडे बघतो. इथे गप्प होती ती बायको. पंचविशीतली पोरगी, अंगावर भारी साडी, पण बसली होती खुर्चीच्या कडेवर.

मालक म्हणाला, "साहेब, माझी मिसेस डिझायनर आहे. तिच्या स्वतःच्या नावाचा ब्रँड आहे आमचा. कोणीतरी डुप्लिकेट काढतंय."

आई म्हणाली, "आमच्या सुनेचं नाव चोरलंय साहेब. दिवसाढवळ्या."

पनवेल-उरणकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. भावकीतल्या साऱ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात आणि बघणाऱ्याची नजर जाते ती ब्लाउजच्या पाठीवर. पाठीला नक्षी, खाली नाडी, नाडीला लटकन. ह्या दुकानाची युक्ती अशी की त्यांचं लेबल आत नसायचंच. ते लटकनासारखं नाडीला बाहेर लोंबायचं, सगळ्यांना दिसेल असं. लेबलवर डिझायनर बाईची झोकदार सही. ती सही पाठीवर नसेल तर हळदीला जायची लाज वाटावी, इथवर गोष्ट गेली होती.

आमच्या लहानपणी दुकानाला देवाचं नाव असायचं, नाहीतर बापाचं. हल्ली हे कपडे शिवणारे फॅशन डिझायनर बेधडक स्वतःचंच नाव लावतात. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. जिचा हात, तिचं नाव, इतका साधा हिशेब मी केला होता.

त्यांनी दोन ब्लाउज टेबलावर ठेवले. एक अस्सल, एक नकली. मी उलटसुलट करून बघितले. मला काही फरक कळेना.

"ह्यातलं डुप्लिकेट कुठलं?"

मालकानंही दोन्ही उलटेपालटे केले आणि म्हणाला, "ज्याचं बिल नाही ते."

मी पोरीला विचारलं, "मॅडम, तुम्ही डिझायनर. तुम्ही सांगा."

तिनं आधी सासूकडे बघितलं. "हे सांगतील," म्हणाली, आणि जिथे वकिलानं बोट ठेवलं तिथे सही केली.

कामाचं म्हणाल तर माझ्या टेबलावर घरफोड्या पडल्या होत्या, चेन खेचणारी टोळी खारघरपर्यंत धुमाकूळ घालत होती. त्यात हा ब्लाउज. पण फिर्याद आली की नाही म्हणता येत नाही. ट्रेडमार्कच्या कायद्यानं जप्ती करायची तर सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी नोंदणी कार्यालयाचं मत मागवावं लागतं. वकील हुशार होता. त्यानं लेबलवरच्या सहीच्या चित्राचा कॉपीराइट पुढे केला. तिथे फौजदारसुद्धा माल उचलू शकतो. गुन्हा दाखल झाला.

खबर मिळाली ती एका टेम्पोवाल्याकडून. मंडपाचं सामान गावोगाव पोचवायचा. खबर देणारा समाजसेवा करत नसतो, त्याचं कुणाशी तरी वाकडं असतं. ह्याला त्या जागेवरून भाडं नाकारलं होतं, म्हणून पोटात दुखत होतं.

"नेरे गावाच्या पुढं शेड हाय साहेब. आधी कोंबड्या होत्या, आता बाया शिवतान. तोच लेबल. डोल्यानं बघितलाय मी."

दोन पंच, एक महिला फौजदार आणि माझे अंमलदार घेऊन मी भर दुपारी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी शेत, त्यात पत्र्याची लांब शेड. आत पंखे गरगरत होते, शिलाई मशिनी चालू होत्या, पिवळ्या कापडाचा ढीग पडला होता. पोलीस बघून कामाच्या बायका भिंतीला चिकटल्या. एकच बाई मशिनीवरून उठली नाही. चाळिशीची, गळ्यात टेप, डोळ्यांवर चष्मा.

"थांबा जरा," म्हणाली, "हा टाका पुरा होऊ दे. अर्धा सोडला तर उसवेल."

आणि काय सांगू, आम्ही थांबलो.

टाका संपला तसं तिनं मशीन बंद केलं. टेबलाच्या खणात लेबलांचं पाकीट सापडलं. पंचनामा लिहायला हवालदार बसला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, नाव. बाईनं सांगितलं. हवालदाराचं पेन थांबलं.

"बाई, ते फिर्यादीचं नाव झालं. आम्हाला माहीत आहे ते. तुमचं सांगा."

"माझंच सांगितलं."

"पूर्ण सांगा."

तिनं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सांगितलं. अक्षर न् अक्षर तेच. फिर्यादीत लिहिलेलं संपूर्ण नाव. हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं बाई बनेल आहे, आमची थट्टा करते. महिला फौजदारानं आधार कार्ड मागितलं. त्यावर तेच. पॅनवर तेच. मी म्हटलं, "लेबलं बनवता बनवता कार्डंही बनवलीत वाटतं."

इतका वेळ शहरी मराठी बोलणारी बाई एकदम गावच्या बोलीवर आली. "अवं साहेब, माजा नाव हाय ते. मी काय कुनाचा चोरलाय?"

ठाण्यात आणून मी तिला समोर बसवलं. चौकशीचा माझा एक नियम होता. माणूस रागात असेल तर आधी चहा, मग प्रश्न. चहा तिनं घेतला नाही, पण बोलायला लागली.

माहेर ओवे गावचं. बापाची भातशेती होती ती नव्या शहराच्या वसाहतीत गेली. मावशीच्या मशिनीवर शिवण शिकली. पनवेलच्या कपड्याच्या दुकानवाल्या घरात दिली. लग्नात आपल्याकडे नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, तसं तिचंही लिहिलं. म्हणाली, "खोटं कशाला सांगू, मला आवडलं होतं ते. ओव्याचं नाव माझं जुनाट होतं. हे ऐकायला गोड होतं."

दुकानाच्या मागच्या खोलीत ती गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवायला लागली. हात असा की वर्षा-दोन वर्षांत लोक कापड घ्यायला नाही, शिवायला यायला लागले. बायका आपसात म्हणायच्या, अमकीकडे टाक. अमकी म्हणजे हीच. मग सासरच्यांनी जुनी पाटी काढली आणि हिच्या नावाची लावली. एक दिवस नवरा म्हणाला, कोऱ्या कागदावर मोठी सही कर, झोकात. तिला वाटलं बँकेचं काही असेल. पुढच्या लगीनसराईत तीच सही लेबलवर आली.

"लई भारी वाटलेलं साहेब तेव्हा. हळदीत पन्नास बायकांच्या पाठीवर माझी सही नाचायची."

"मग बिनसलं कुठे?"

"सुरतेचा तयार माल आणला त्यांनी. एकसारखा, कुणाच्या अंगाला न बसणारा. त्याला माझं लेबल लावायला लागले. मी सांगितलं, हे माझं नाही, ह्यावर माझं नाव नको. ऐकेनात. मग एका दिवशी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी कात्री घेतली आणि सगळी लेबलं कापून काढली."

त्या घरात तिचं अन्न तिथेच संपलं. भांडणं, मग कोर्ट, मग संमतीनं घटस्फोट. कागदात वकिलानं घातलं होतं की ती ब्रँड वापरणार नाही. तिला वाटलं ब्रँड म्हणजे दुकान.

"मी म्हटलं दुकान तुमचं, ठेवा. नाव कसं ठेवून घेतील हो? ते तर माझ्या अंगाला चिकटलेलं आहे."

मी विचारलं, "मग माझ्याकडे फिर्याद द्यायला आली ती कोण?"

"ती दुसरी. माझ्या जागी आणली. तिचं नाव वेगळं होतं रोह्याला. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि हेच नाव लिहिलं. पाटी बदलायला नको ना. डिझायनर बाई दुकानात आहे असं दाखवायला नको का?"

मी आयुष्यात खूप नीचपणा बघितला. दारूच्या नशेतला, रागातला, पैशासाठीचा. पण लग्नाच्या मांडवात, भटजींसमोर, अक्षता पडत असताना, इतक्या थंड डोक्यानं केलेला नीचपणा मी तोवर बघितला नव्हता. एका बाईचं नाव काढून घ्यायचं आणि दुसरीचं पुसून तिथे ते बसवायचं. दुकानात पुतळ्याला साडी गुंडाळतात तसं. माझा चहाही तसाच राहिला.

संगणकावर नोंद करणारा अंमलदार थोड्या वेळानं धावत आला. "साहेब, काहीतरी चुकलंय. फिर्यादी आणि आरोपी एकच बाई दिसतेय." मी म्हटलं, चुकलंय खरं, पण तुझं नाही.

गुन्हा अटकेचा नव्हता. मी तिला सूचनापत्र दिलं, पोच म्हणून तिनं सही केली. तीच ती लेबलवरची सही, तोच झोक. स्वतःची सही नकली केल्याचा आळ असलेला आरोपी मी पहिल्यांदाच बघत होतो. विधी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, स्वतःच्या नावानं प्रामाणिकपणे धंदा करायला कायदा आडकाठी करत नाही, पण लेबल आणि सही नोंदवलीय फर्मच्या नावानं, शिवाय बाईनं कोर्टात लिहून दिलंय. कायद्यानं दुकानवाल्यांचं बरोबर होतं. असल्या लोकांचं कायद्यानं नेहमीच बरोबर असतं, मी बघत आलोय.

एक धागा मात्र माझ्या हातात राहिला. लेबलं आली कुठून?

"मिळाली," एवढंच ती म्हणायची. कुणी दिली? "मिळाली." खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. कुणाला तरी पाठीशी घालणारा एका शब्दावर येतो. मी ओळखलं की मध्ये कुणीतरी आहे.

लेबलं विणणारा कारागीर आम्ही उल्हासनगरला शोधून काढला. त्यानं पाकिटातलं लेबल बोटात धरलं आणि सांगितलं की सोनेरी काठाचा हा माल अगदी अलीकडचा आहे आणि सगळाच्या सगळा पनवेलच्या दुकानात पोचता केलाय. म्हणजे लेबलं नकली नव्हतीच. दुकानातूनच बाहेर जात होती.

दुसऱ्या दिवशी महिला फौजदाराला घेऊन मी साध्या कपड्यांत दुकानात गेलो. मालक माल आणायला बाहेर गेला होता, सासू गल्ल्यावर होती. आतल्या बाजूला डिझायनर बाईंचं टेबल, मागे तिचा भिंतभर फोटो. समोर एक नवरी मुलगी आईला घेऊन बसली होती. ओळखू येऊ नये म्हणून मी टोपी पुढे ओढून गर्दीत पाठमोरा उभा राहिलो, आणि आम्ही गिऱ्हाईक असल्यासारखे साड्या बघत थांबलो.

नवरी मुलगी म्हणाली, "मॅम, बोटनेक पाहिजे आणि पाठीला मोठा कट. जमेल ना?"

"करू ना आपण," पोरगी हसून म्हणाली. मग मुलीचा फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि सरबत मागवलं. मोबाइल वाजेपर्यंत ती सरबताबद्दलच बोलत होती. वाजला तसा वाचला आणि म्हणाली, "दोन्ही एकत्र घेतलं तर खांदा उतरेल. पाठ मोठी हवी तर पुढचा गळा थोडा खाली घेऊ, आतून पट्टी लावू."

नवरीची आई खूश झाली. आई म्हणाली, "ताई, माझ्या थोरलीचा पण तुम्हीच शिवला होता. अजून जपून ठेवलाय." पोरगी म्हणाली, "हो, आठवतो ना."

तेव्हा लग्न होऊन ती ह्या घरात आलीही नव्हती.

फौजदारबाई ब्लाउज घालून बघायचा म्हणून तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटून एवढंच विचारलं, "कुणाला विचारत होतीस?" पोरीनं आधी नाही म्हटलं, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. समोरची बाई पोलीस आहे आणि बाहेर मी उभा आहे हे कळल्यावर तिला उलट सुटल्यासारखं झालं असावं. ती बोलतच राहिली. बाहेर सासू गिऱ्हाइकाला शालू दाखवत होती, तिला पत्ता नव्हता.

बी.कॉम. झालेली पोरगी. सुईत दोरा ओवता येत नव्हता. "लग्नात नाव बदलतात हे माहीत होतं मला," म्हणाली, "पाटीशी जुळवून बदलतात हे माहीत नव्हतं. दुकानासमोर गाडीतून उतरले आणि वर माझं नाव बघितलं. मला वाटलं माझ्या स्वागताला लावलंय."

दुसऱ्याच दिवसापासून तिला टेबलावर बसवलं. बायका येऊन गळे, बाह्या, कळ्या विचारायला लागल्या. मालकानं बसवलेले कारागीर काहीबाही शिवायचे, तक्रारी यायच्या, घरी आल्यावर सासू टाकून बोलायची. शेवटी पोरीनं पहिलीचा ठिकाणा काढला आणि माहेरी जाते सांगून नेऱ्याला गेली. पाय धरले. आणि पहिलीनं तिला हाकललं नाही. चहा पाजला आणि म्हणाली, अवघड कामं माझ्याकडे पाठवत जा, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मला विचारत जा.

"बदल्यात काय घेतलं तिनं?"

"लेबलं. बाकी काही नको म्हणाल्या. म्हणाल्या, मी शिवते त्यावर माझं नाव असू दे, बस."

दुकानातल्या चांगल्या मालातला निम्मा नेऱ्याच्या शेडमधून येत होता. अस्सल आणि नकली एकाच हातचे, म्हणून तर माझ्या टेबलावर कुणाला ओळखू येईना. एका हळदीत मालकाला नेऱ्याच्या बाईच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर बिल नसलेला ब्लाउज दिसला आणि हे कांड झालं. फिर्यादीवर सही करताना पोरीला माहीत होतं की ती कुणाविरुद्ध करतेय. आणि गुन्हा दाखल झाल्यावर, मशिनी जप्त झाल्यावर, आरोपी बाई फिर्यादी बाईला बोटनेक कसा बसवायचा ते फोनवर सांगत होती.

पोरीनं पुरवणी जबाब दिला. फौजदारबाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मी त्या दिवशी खुशीत होतो. लेबलं फिर्यादीनं स्वतः दिलेली, म्हणजे गुन्हाच उरत नव्हता. मी पहिल्या बाईला निरोप पाठवला की उद्या ठाण्यात या, तुमच्यावरचं बालंट टळतंय.

ती आली. व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिच्या पाठोपाठ तो मालक, त्याची आई, वकील आणि गावातली एक मोठी असामी असे सगळे आले. मध्ये ती पोरगी, डोळे सुजलेले, अंगावर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. उन्हाळा होता.

वकील म्हणाला, "आमच्या अशिलाकडून काल पोलिसांनी दबाव आणून जबाब घेतला. त्या नेऱ्याला कधी गेलेल्याच नाहीत. लेबलं चोरीला गेली."

मी पोरीला विचारलं, "मॅडम, खरं काय ते माझ्याकडे बघून सांगा."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी त्या बाईंना ओळखत नाही."

दार उघडं होतं. व्हरांड्यात ऐकू गेलं असणार.

माझी सटकली. मी सासूला म्हटलं, "आजी, पोटच्या पोरीसारखी सून होती ना ती पहिली? नाव काय भांडं आहे का, दिलं आणि परत घेतलं?"

ती बाई जराही गांगरली नाही. "भांडंच आहे साहेब. आमच्या घरातलं. आम्ही दिलं होतं, ती सोडून गेली, आम्ही ठेवून घेतलं. तिच्या बापानं ठेवलेलं नाव आम्ही कुठे मागतोय?"

कायदाही तेच म्हणत होता, हीच तर चीड आहे.

मी व्हरांड्यात गेलो. पहिलीच्या शेजारी बाकावर बसलो. म्हटलं, "ताई, तुम्ही बोला आता. तुमच्या फोनवर तिचे निरोप असतील. ते द्या, मी दोन दिवसांत हे प्रकरण उलटवतो. खोटी फिर्याद दिली म्हणून ह्यांनाच आत घेतो."

तिनं हातातला मोबाइल पिशवीत टाकला. मग म्हणाली, "निरोप मी पुसले साहेब. आत्ता, इथे बसून."

"अहो, का?"

"ते दाखवले तर तिला काढतील. बाह्या बघितल्यात ना तिच्या? मग तिसरी आणतील, आणि तिचंही हेच नाव ठेवतील. किती जणींना पुरेल हो माझं नाव?"

मी तिला रागावलो, समजावलं, कायदा सांगितला. ती ऐकून घेत होती, उलट मलाच "तुम्ही त्रास नका करून घेऊ" म्हणाली. पोरीला मी एकटं गाठून मारहाणीची तक्रार दे म्हणून विनवलं. ती म्हणाली, कपाटाचं दार लागलं.

वरून फोन आला, घरगुती भानगड आहे, ताणू नका. वकिलांनी तडजोड केली. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द झाला, पण अट अशी की आरोपी बाईनं ते नाव धंद्यात, पाटीवर, सहीत, कुठेच वापरायचं नाही. वकिलांनी वर सुचवलं की राजपत्रात नाव बदलून घ्या, म्हणजे पुढे कटकट नको. तिनं बदलून घेतलं. ओव्याचं जुनाट नाव परत लावलं. जप्त लेबलं नष्ट केली, मशिनी परत दिल्या. मुद्देमालाच्या पावतीवर तिनं नवीन सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. हवालदारानं "झालं का ताई?" म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "सवय नाही अजून."

ह्या केसनं मला काय शिकवलं म्हणाल तर फार शहाणपणाचं काही नाही. पाकीट मारलं तर कलम आहे, सही मारली तर कलम आहे, पण माणसाकडूनच त्याचं नाव रीतसर लिहून घेतलं तर कलम लिहून घेणाऱ्याच्या बाजूनं आहे. तेव्हापासून कुणी तरुण मुलगी मला सांगायला आली की काका, मी बुटिक काढतेय, माझ्याच नावानं, तर मी पेढा घेण्याआधी विचारतो, नोंदणी कुणाच्या नावानं केलीस? मुलींना वाटतं म्हाताऱ्याला पोलिसी खोड आहे. असू दे. त्यांच्या घरच्यांची तोंडं मात्र तेवढ्यात उतरतात, हे मी बघून ठेवलंय.

निवृत्तीनंतर एकदा उरणकडे एका गावात हळदीला गेलो होतो. जुन्या ओळखीचं घर. समोर यजमानांची सून जेवण वाढत होती आणि तिच्या ब्लाउजवरून माझ्या बायकोची नजर हटेना. पाठीला बारीक नक्षी, खांद्यावर बेतानं बसलेला गळा. नाडीला सोनेरी काठाचं लेबल लोंबत होतं. बायकोनं तिला जवळ बोलावून विचारलं, कुठून घेतलास. तिनं मोठ्या ऐटीत त्या पनवेलच्या दुकानाचं नाव सांगितलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, हा त्या दुकानात शिवलेला नाही."

ती हसली. "तुमाला कसा कलला काका? दुकानात आता चांगला नाय शिवत. शिवते ती एक बाई हाय ओव्याची. लेबल तेवढा दुकानातून आनायचा, वेगला मिलतो आता. त्याच्याबिगर हलदीत कोन इचारतंय?"

बायकोनं लगेच पर्समधून मोबाइल काढला. "त्या बाईंचं नाव सांग गं, लिहून घेते."

ती वाढता वाढता थांबली, थोडा विचार केला, आणि तिनं पलीकडच्या जावेला हाक मारून विचारलं. जावेलाही सांगता येईना. मग तीच म्हणाली, "नाव नाय ठाव आमाला. ओव्याची बाई म्हनलं की कुनी पन दाखवील."